मीटरच्या अलीकडे

दिवाळीच्या आधी बेकरीच्या भट्टीवर नंबर लावायची रीत विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत अजून पुरती मोडलेली नाही. मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप घरून न्यायचं, नानकटाई पत्र्यावर रचून भट्टीवाल्याच्या हाती द्यायची, भाजून झाली की घरच्या डब्यात भरून आणायची. घराघरांत ओव्हन आले तशी भट्टीवरची गर्दी थोडी ओसरली. पहिला आला तो गोल, ॲल्युमिनियमचा. झाकणाला मधोमध काच, तळाशी चिनीमातीच्या खाचांत बसवलेली नायक्रोमची कॉईल आणि इस्त्रीला असते तशी सुती विणीची वायर. तो सहाशे वॅटच्या आसपास वीज घ्यायचा, म्हणजे अडीच-पावणेतीन ॲम्पिअर. पंख्याच्या बोर्डावरच्या साध्या सॉकेटला लावला तरी भिंतीतली वायर तक्रार करत नसे.

यवतमाळ-धामणगाव रस्त्यावरच्या बाभुळगावात आता हा गोल ओव्हन माळ्यावर गेला आहे. कापसाचा पहिला चुकारा हाती आला की त्याच्या जागी चौकोनी ओटीजी येतो. तो फक्त केकपुरता नसतो. त्यात बट्ट्या भाजतात, रोडगेही भाजतात. गोवऱ्यांच्या आरातल्या रोडग्याची सर त्याला नाही हे कोणीही सांगेल, पण चार माणसांच्या घरात रोज आर पेटवणार कोण? तीस-चाळीस लिटरचा ओटीजी पंधराशे ते दोन हजार वॅटचा असतो. दोन हजारांना दोनशे तीसने भागलं की पावणेनऊ ॲम्पिअर येतात. जुन्या ओव्हनच्या तिपटीहून जास्त. ओटा तोच, भिंत तीच, बोर्ड तोच, आणि त्या बोर्डामागची वायर कधीची आहे हे घरातल्या कोणालाच नक्की सांगता येत नाही.

या लेखाचा विषय ती वायर आहे. ओव्हन निवडताना आपण चार दुकानं फिरतो, शेजारच्या काकूंना विचारतो, लिटर आणि वॉरंटी पाहतो. तो ज्या तारेवर चालणार ती तार मात्र कोणाचीच नसते. महावितरणची जबाबदारी मीटरपर्यंत. दुकानदाराची काउंटरपर्यंत. कंपनीचा माणूस ओव्हन चालू करून दाखवतो आणि जातो. मीटरच्या अलीकडे जे काही आहे ते घराचं, आणि घर त्याकडे रंग देताना सोडून कधी पाहत नाही.

खोकं उघडल्यावर पहिली अडचण प्लगची. ओटीजीला जाड पिनांचा १६ ॲम्पिअरचा प्लग असतो आणि ओट्याजवळचं सॉकेट मिक्सरसाठी बसवलेलं, ६ ॲम्पिअरचं. भारतीय मानक १२९३ मध्ये हे दोन आकार मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. सहाचं सॉकेट पावणेचौदाशे वॅटच्या वर चालवायचं नाही, म्हणून सोळाचा प्लग त्यात शिरूच नये अशी ती रचना आहे. पण बाजारात स्वस्तात कन्व्हर्टर मिळतात, आणि “भाऊ, दिवाळी तोंडावर आली, एवढं लावून द्या” हे वाक्य दर वर्षी ऐकून वायरमनचाही नाइलाज होतो. कन्व्हर्टर लावला की प्लग बसतो, ओव्हन तापतो आणि सगळं ठीक झालं असं वाटतं. खरं तर मानकाने घातलेली एकमेव आडकाठी तेवढ्यात काढून टाकलेली असते. काही ठिकाणी बोर्डावरचं सॉकेट बदलून ६ आणि १६ दोन्ही पिना घेणारं बसवतात आणि मागची वायर तीच ठेवतात. हे मला जास्त धोक्याचं वाटतं. कन्व्हर्टर निदान डोळ्यांना दिसतो. नवं चकचकीत सॉकेट पाहून पुढचा माणूस त्यावर गिझरसुद्धा लावेल.

जुने वायरमन वायरीला अजून गेजच्या आकड्याने ओळखतात. एक-अठरा, तीन-बावीस, तीन-वीस, सात-वीस. पहिला आकडा तारांचा, दुसरा गेजचा. एक-अठरा म्हणजे एकच तार, साधारण एक चौरस मिलिमीटरच्या थोडी वर, दिव्या-पंख्यासाठीची. तीन-बावीस जवळजवळ तेवढीच. सात-वीस म्हणजे साडेचारच्या आसपास, मोटारीला किंवा मेनला वापरायची. आता दुकानात “दीड स्क्वेअर”, “अडीच स्क्वेअर” असं मागतात. पॉवर पॉइंटला अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, तिच्यावर १६ ॲम्पिअरचा एमसीबी आणि ती वायर मेन बोर्डापासून थेट, वाटेत दुसरा कुठलाही पॉइंट न घेता. ओव्हनसाठी मागायचं ते एवढंच. भिंतीत बसवायचे बिल्ट-इन ओव्हन तीन हजार वॅटच्या वर जातात. त्यांना चारची वायर घातलेली बरी.

पण सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या घरांत काय आहे? लाकडी पट्टीवर क्लिपांनी ठोकलेलं पट्टी फिटिंग, मेन स्विचशेजारी चिनीमातीचे किटकॅट फ्यूज, आणि अनेक ठिकाणी ॲल्युमिनियमची वायर. त्या काळी तांब्याची टंचाई होती आणि ॲल्युमिनियम सर्रास वापरलं गेलं. ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबलं की हळूहळू पसरतं, जोड ढिला होतो, उघड्या पृष्ठभागावर गंज धरतो आणि तिथला रोध वाढतो. या जोडातून अडीच ॲम्पिअर जात होते तोवर निभावलं. आता पावणेनऊ जाणार. जोडात तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून प्रवाह तिपटीच्या वर गेला की उष्णता दसपटीच्या वर जाते. समजा त्या ढिल्या स्क्रूपाशी फक्त अर्धा ओहम रोध आहे. पावणेनऊ ॲम्पिअरला तिथे जवळजवळ अडतीस वॅट जळतात, म्हणजे रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची इस्त्री बोर्डाच्या आत चालू ठेवून पाऊण तास झाकण लावल्यासारखं. बोर्डाला पिवळट डाग पडतो, जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो, आणि घरचे तो वास नव्या ओव्हनचा समजतात. नवा ओव्हन पहिल्या एक-दोन वेळा वास सोडतो हे खरं आहे. पण ओव्हनजवळ नाक नेऊन मग बोर्डाजवळ न्यावं. वास कुठून येतो ते लगेच कळतं.

वायरीच्या क्षमतेचे तक्ते ज्या तापमानाला धरून केलेले असतात ते विदर्भाच्या उन्हाळ्याचं नसतं. साध्या पीव्हीसी वायरीत तांबं ७० अंश सेल्सिअसपर्यंतच तापू द्यायचं असतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर असतो, कन्सिल्ड फिटिंगचा पाइप स्लॅबमध्ये असतो आणि स्लॅब दिवसभराचं ऊन पिऊन बाहेरच्या हवेहूनही गरम झालेला असतो. म्हणजे तापायला जी जागा थंड हवेत चाळीस अंशांची मिळते ती इथे वीसवर येते. थंड प्रदेशातल्या पुस्तकातला आकडा बाभुळगावच्या स्लॅबमधल्या वायरीला जसाच्या तसा लावता येत नाही. म्हणून इथे एक पायरी जाड वायर घेणं ही उधळपट्टी नव्हे.

फ्यूजबद्दल एक सांगायलाच हवं. किटकॅटची तार वारंवार जळते म्हणून तिथे वायरीतल्या तांब्याच्या दोन-तीन तारा पिळून घातलेल्या अनेक घरांत सापडतील. एमसीबी आले तरी सवय गेली नाही. सोळाचा पडतो म्हणून बत्तीसचा बसवतात. एमसीबी वायरीला वाचवायला असतो. पातळ वायरीवर मोठा एमसीबी बसवला की पहारेकरी शाबूत दिसतो आणि वायर जळून जाते.

आता अर्थिंग. बाभुळगावच्या मातीशी सगळ्यात जवळचा संबंध याच गोष्टीचा आहे.

हा कापसाचा पट्टा आहे. बेंबळा नदीच्या दोन्ही अंगांना काळी, भारी माती. पावसाळ्यात ती फुगते, ओल धरून ठेवते आणि वीज फार छान वाहून नेते. तेव्हा अर्थिंगसाठी याहून चांगली जमीन शोधून सापडणार नाही. उन्हाळ्यात मात्र तिला हातभर खोल भेगा पडतात. माती आकसते, पाइपापासून किंवा सळईपासून सुटते, आणि ज्या अर्थिंगने सप्टेंबरमध्ये उत्तम काम केलं ते मे महिन्यात जमिनीला नीट टेकलेलंसुद्धा नसतं. भारतीय मानक ३०४३ मध्ये पाइपाच्या अर्थिंगसाठी किमान ३८ मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जस्तलेपित पाइप सांगितला आहे, त्याच्याभोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला नरसाळं. अडीच मीटर यासाठी की तेवढ्या खोलीवर भेगा सहसा पोचत नाहीत आणि ओल टिकते. प्रत्यक्षात घराच्या मागच्या भिंतीशी दोन फुटांची सळई ठोकलेली असते. ती नेमकी त्या थरात असते जो दर उन्हाळ्यात फाटतो.

दुसरी चाल त्याहून जुनी. पूर्वी नळाचे पाइप लोखंडी होते, जमिनीखालून लांबवर गेलेले, आणि अर्थिंगची तार त्यांनाच गुंडाळून देत. ते बरोबर नव्हतं, पण चालून जायचं. नंतर घरांनी नळाचे पाइप पीव्हीसीचे केले. तार तिथेच राहिली, कधी उरलेल्या हातभर लोखंडी तुकड्याला, कधी प्लॅस्टिकच्या पाइपालाच गुंडाळलेली. प्लंबर आला, काम करून गेला, आणि घराचं अर्थिंग त्या दिवशी संपलं. कोणाला पत्ताही लागला नाही, कारण अर्थिंग नसलं तरी सगळी उपकरणं चालतात.

समजा ओव्हनची कॉईल आतून पत्र्याला टेकली आणि फेज बॉडीवर आला. घराच्या अर्थिंगचा रोध ३० ओहम आहे आणि डीपीच्या, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरच्या, न्यूट्रलच्या अर्थिंगचा १०. एकूण ४०. दोनशे तीस भागिले चाळीस म्हणजे पावणेसहा ॲम्पिअर. सोळाचा एमसीबी पावणेसहा ॲम्पिअरला कधीच पडणार नाही. तो आपलं काम चोख करतोय, त्याच्या हिशोबाने हा साधा भार आहे. आणि ओव्हनचा पत्रा? त्यावर दोनशे तीसचा पाऊण हिस्सा, म्हणजे पावणेदोनशे व्होल्टच्या आसपास दाब बसून राहणार, कोणी हात लावेपर्यंत. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, दोन्ही “बरोबर” आहेत, आणि तरी माणूस मरू शकतो. ज्या गावात जमिनीचा रोध ऋतूप्रमाणे बदलतो तिथे हा हिशोब घराघरात माहीत असायला हवा.

यावरचा उपाय आरसीसीबी. गावात त्याला अजून ईएलसीबी म्हणतात, नावाने बिघडत नाही. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची ती सतत तुलना करते. दोन्हींत ३० मिलिॲम्पिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा प्रवाह भलत्या वाटेने जमिनीत चालला, की ती पडते, आणि सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात पडते. शंभर वॅटच्या दिव्याला याच्या चौदापट प्रवाह लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत घरगुती जोडणीसाठी हाच ३० चा आकडा घेतला आहे. आरसीसीबी जास्त भाराला पडत नाही, म्हणून एमसीबी हवाच. पण दोन्हींतलं एकच परवडत असलेलं घर मला भेटलं आणि त्याच्याकडे एमसीबी आधीच असेल, तर ओव्हन एक नंबर लहान घ्या आणि उरलेल्या पैशात आरसीसीबी बसवा असंच मी सांगेन.

ती बसवली की एक वेगळी तक्रार सुरू होते: “नवीन ओव्हन लावला की लाईन पडते.” याचं कारण बहुधा दोनांपैकी एक असतं. पहिलं कारण निरुपद्रवी आहे. ओव्हनच्या कांड्यांत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती उष्णता जाऊ देते, वीज अडवते, पण हवेतली ओल शोषून घेते. पावसाळाभर गोदामात किंवा माळ्यावर पडलेला ओव्हन दिवाळीला काढून लावला तर त्या ओलीतून थोडी गळती होते आणि आरसीसीबी पडते. कांड्या सुकल्या की गळती थांबते. ओव्हन दोन-तीन दिवस कोरड्या, उन्हाच्या खोलीत ठेवावा आणि मग वायरमनला मेगर, म्हणजे गळती तपासायचं यंत्र, लावून पाहायला सांगावं. आरसीसीबी काढून किंवा वगळून ओव्हन “सुकवायचा” प्रकार मात्र कोणी करू नये. त्या वेळात पत्र्यावर काय आहे हे सांगणारं काहीच उरत नाही.

दुसरं कारण भिंतीतलं असतं. जुन्या फिटिंगमध्ये दोन खोल्यांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असतात, कारण वायर वाचते. फेज एका बाजूने गेला आणि परतीचा प्रवाह दुसऱ्या बाजूने आला की आरसीसीबीला तो हरवलाच असं वाटतं. कधी याहून वाईट सापडतं. सॉकेटच्या अर्थच्या पिनेला बोर्डातल्या बोर्डातच न्यूट्रलची तार जोडून दिलेली असते. टेस्ट लॅम्पवर दिवा लख्ख पेटतो, घरमालकाला अर्थिंग असल्याचं समाधान मिळतं. पण मेन बोर्डापासून त्या सॉकेटपर्यंत न्यूट्रल कुठेही सुटला तर ओव्हनचं बटण चालू असताना फेज कॉईलमधून फिरून न्यूट्रलवर आणि तिथून त्या जोडतारेने थेट पत्र्यावर येतो. ओव्हन बंद पडलेला दिसतो, म्हणून माणूस तो हलवायला पुढे होतो.

ही वायर वाचवण्याची युक्ती फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांबं वाचवायला घरातल्या इलेक्ट्रिक शेगड्यांची आणि ओव्हनची बॉडी न्यूट्रललाच जोडायची मुभा दिली गेली. युद्ध संपलं, मुभा राहिली, आणि थेट १९९६ च्या राष्ट्रीय विद्युत संहितेने नव्या जोडण्यांना चार तारांची सक्ती केली: दोन फेज, एक न्यूट्रल, एक स्वतंत्र अर्थ. न्यू जर्सीत जुनं घर घेतलेल्या मराठी कुटुंबालाही ओव्हन बदलताना भिंतीत तीन तारा आणि नव्या ओव्हनला चार अशी गाठ पडते, आणि तिथेही बॉडी न्यूट्रललाच जोडून काम उरकण्याचा मोह होतो. तारा वेगळ्या, दाब वेगळा, प्रश्न हुबेहूब बाभुळगावचा.

रंगांचंही बघायला हवं. ओव्हनच्या वायरीत तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा पट्टा अर्थ. आपल्या जुन्या घरात लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. आणि ज्या घरात शेतीमुळे किंवा पिठाच्या चक्कीमुळे थ्री फेज आहे तिथे लाल, पिवळा, निळा हे तिन्ही फेज. म्हणजे ओव्हनच्या वायरीतला निळा न्यूट्रल आणि भिंतीतला निळा जिवंत. निळ्याला निळा जोडणारा हात अडाणी नसतो, तो रंगावर विश्वास ठेवतो. म्हणून रंग पाहून जोडू नये. मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून, प्रत्येक तार मीटरने ओळखून मगच जोडावी. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की अर्थ वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. अर्थची पिन लांब असते, कारण ती सगळ्यांत आधी टेकावी आणि सगळ्यांत शेवटी सुटावी. पिन कापलेला प्लग घरात असेल तर आजच बदला.

ओव्हन नीट जोडूनही कार्तिकात केक बसतो, फुलत नाही. हरभऱ्या-गव्हाला पाणी सुरू झालेलं असतं, संध्याकाळी दाब उतरतो. गावठाणाचं फिडर शेतीपासून वेगळं झाल्यावर हा त्रास अनेक गावांत कमी झाला, सगळीकडे गेला नाही. उष्णता दाबाच्या वर्गाने बदलते: १८० व्होल्टला दोन हजार वॅटचा ओव्हन सव्वाबाराशेचाच होतो. अशा वेळी पाककृतीतली वेळ न वाढवता ओव्हन आधी जास्त वेळ तापवावा आणि थर्मोस्टॅटचा दिवा विझल्यावरच भांडं आत ठेवावं.

आता वायरमनबद्दल. आयटीआयचा तारतंत्री दोन वर्षं शिकतो, परवाना काढतो, उन्हात खांबांखाली घाम गाळतो. त्याची घरातली मजुरी मात्र पॉइंटवर ठरते. एका पॉइंटचे इतके, बोर्डाचे इतके. अर्थिंगचा रोध मोजणं, बोर्ड उघडून स्क्रू आवळणं, न्यूट्रल कुठे मिसळला ते शोधणं हा कोणताच पॉइंट नाही. म्हणून त्याचे पैसे नाहीत, म्हणून ते काम होत नाही. दोष वायरमनच्या माथी मारणं सोपं आहे, पण तासाभराच्या तपासणीचे वेगळे पैसे देणारं घर किती आहे? डॉक्टरला औषध न देताही फी देतो, तशी तपासणीची फी वायरमनला द्यायला आपण शिकलो नाही.

देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला बारा हजारांच्या वर माणसं मरतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांत दिसतं. त्यांतली बरीच शेतात आणि खांबांवर, पण काही स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात. वीज मंडळ १९६० साली झालं, २००५ साली त्यातून महावितरण निघाली. या सगळ्या काळात घरच्या फिटिंगचा कागद सहसा एकदाच मागितला जातो, नवी जोडणी घेताना, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट म्हणून. त्यानंतर घराला मजला चढतो, गिझर येतो, फ्रिज येतो, ओव्हन येतो, आणि तो कागद कोणी पुन्हा पाहत नाही. बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो तरी ओव्हन घेण्याआधी वाचावा. एक किलोवॅट मंजूर असलेल्या घरात दोन किलोवॅटचा ओव्हन चालवायचा तर आधी भार वाढवून घ्यायला लागतो.

दारोदार मीटर बदलायची मोहीम निघते तेव्हा प्रत्येक घरात माणूस जातोच. त्याच फेरीत अर्थिंग मोजून आकडा घरमालकाच्या हाती द्यायला काय हरकत आहे? आयटीआयच्या तारतंत्री आणि वीजतंत्रीच्या मुलांना याहून चांगलं प्रात्यक्षिक मिळणार नाही. नगरपंचायतीने मनावर घेतलं तर एका उन्हाळ्यात सगळ्या गावाची नोंद तयार होईल. मोजणी उन्हाळ्यातच करायची, मे महिन्यात, माती फाटलेली असताना. पावसाळ्यात मोजलं तर काळ्या मातीतल्या दोन फुटी सळईचा आकडाही चांगलाच येतो.